सुदानची चहावाली आणि शेजारची सून

गुहागर तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं सहा पानी पत्र आलंय, सोबत आमसुलांचं पाकीट. सगळं छापण्याएवढी जागा नाही. तिला विचारून, मुद्द्याचं तेवढं देते.

‘माई, मी एक्केचाळीस वर्षांची. मालक बोटीवर, वर्षातले आठ महिने घरी नसतात. आमचा अकरा जणींचा बचत गट आहे, आमसुलं नि आगळ करतो. माझे धाकटे दीर सुदानात खार्टूमला एका कारखान्यात फिटर होते. २०२३ला लढाई पेटली तेव्हा सरकारने परत आणलं. बॅगेत दोन शर्ट नि वाळलेल्या लाल फुलांची पुरचुंडी. कारखान्याच्या फाटकाशी झाडाखाली एक बाई चहा विकायची, तिने दिलेली. त्या फुलांचं सरबत केलं तर रंग अगदी आपल्या कोकमाचा. भावजी अजून तिचा नंबर लावतात. लागत नाही. एल फाशरच्या बातम्या आल्यापासून मी रात्र रात्र फोनवर तेच बघते. बायकांना कळावं म्हणून एक व्हिडिओ गटाच्या ग्रुपवर टाकला. तो माझ्या सोळा वर्षांच्या मुलीनेही बघितला, दोन दिवस नीट जेवली नाही. मालक म्हणाले, तुझ्याने काय होणार आहे? गटातली एक सगळ्यांदेखत म्हणाली, “सुदानचा काय घेऊन बसलीस, बाजूच्या घरात काय चाललाय ता ऐकू येत नाय तुला?” बाजूला नवी सून आहे. तिला मारतात. ऐकू सगळ्यांनाच येतं. मी काय करू? मला अगं-तुगं करा, लेकीसारखी आहे.’

गे बाय,

अगं-तुगं करते, पण मग बोलणीही खाशील. पहिली बोलणी त्या व्हिडिओची.

तू तो चांगल्या मनाने टाकलास, मला ठाऊक आहे. पण तो काढला कोणी, याचा विचार केलास? २६ ऑक्टोबर २०२५ला रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलाने दीड वर्षाच्या वेढ्यानंतर एल फाशर, म्हणजे सुदानच्या दारफुर भागातलं मोठं शहर, घेतलं. त्या दिवसांतले कितीतरी व्हिडिओ त्या दलाच्या माणसांनी स्वतःच काढलेत. शिकारी जसा मेलेल्या डुकरावर पाय ठेवून फोटो काढतो, तसे. त्यांना ते जगभर फिरायलाच हवे असतात. तू नि मी ते पुढे ढकलले की त्यांचं उरलेलं काम आपण करतो. आणि त्यातल्या बाईला कोणी विचारलंय, की तुला असं गुहागरच्या अकरा बायकांनी बघितलेलं चालेल का?

आपल्याकडे मणिपूरचं झालं तेव्हा हेच. जमावाने बायकांची नग्न धिंड काढली, ती घटना ४ मे २०२३ची. अडीच महिने कोणी हाललं नाही. १९ जुलैला व्हिडिओ बाहेर पडला, दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली. म्हणजे व्हिडिओमुळेच झालं की, असं तू म्हणशील. झालं, खरं आहे. पण दखल घ्यायला तो न्यायालयापर्यंत पोचायला हवा होता, माझ्या भाच्याच्या क्रिकेटच्या ग्रुपवर नाही. तिथेही आला होता तो. आपल्या कायद्यात अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं ७२वं कलम बघ. सुदानच्या बाईला ते कलम लागू होवो न होवो, त्यामागची माणुसकी लागू होतेच.

तेव्हा ग्रुपवरून तो काढ, फोनमधूनही काढ, आणि गटात एकदा तोंडाने सांग की माझं चुकलं. लांबण लावू नकोस. रात्री बिछान्यात फोन नको. मी तीस-पस्तीस वर्षं नर्सिंग केलंय, निम्म्या रात्री ड्यूटीवर गेल्यात. रात्री तीनला बघितलेलं दुःख दुपारी तीनला बघितलेल्या दुःखापेक्षा दुप्पट मोठं दिसतं नि आपल्या हातून त्याचं निम्मंही काही होत नाही. दुपारी भांडी आवरली की वीस मिनिटं, वाचायचं, बघायचं नाही. एकच देश धर. सगळ्या जगाचा भार डोक्यावर घेतलास तर आठवड्याभरात मान टाकशील.

आता सुदानचं थोडं सांगते, कारण तू बघितलंस फार नि वाचलंस कमी. लढाई १५ एप्रिल २०२३ला खार्टूममध्ये सुरू झाली, देशाचं सैन्य एका बाजूला नि हे निमलष्करी दल दुसऱ्या बाजूला. घरदार सोडावं लागलेल्यांचा आकडा एक कोटीच्या वर गेला. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने ऑक्टोबर २०२४मध्ये अहवाल दिला, त्यात बायकांवरच्या अत्याचारांचा मोठा वाटा त्या दलाकडे दाखवलाय, पण सैन्यही सुटलेलं नाही. युनिसेफने मार्च २०२५मध्ये लहान मुलांवरच्या बलात्काराच्या २२१ नोंदी सांगितल्या, २०२४ साल लागल्यापासूनच्या. हा नोंद झालेला आकडा. दवाखाना उभा असेल, तिथपर्यंत रस्ता असेल, आणि आईने तोंड उघडलं तरच नोंद. म्हणून असा आकडा वाचताना मी नेहमी त्याच्यामागे न आलेल्यांची रांग धरते.

हे का करतात, असं तू पत्रात दोनदा विचारलंयस. ‘सैनिकांना आवरत नाही’ हे उत्तर मला कधी पटलं नाही. आवरत नसतं तर नवऱ्यासमोर, मुलांसमोर, चारचौघांत कशाला केलं असतं? गाव रिकामं करायला गोळ्या लागतात, माणसं लागतात. पण एका बाईला तिच्या घरच्यांसमोर असं केलं की पुढचं काम गावच करतं. नवरा तोंड फिरवतो. सासर दार लावतं. बाप म्हणतो, दूर कुठेतरी जा. कुटुंब मोडलं की गाव मोडलं. यात दारूगोळा कसला वापरलाय ते बघ. लाज! आणि ती लाज लढाईच्या आधीपासून गावात भरून ठेवलेली असते. सैनिक फक्त काडी लावतो.

म्हणून तुझ्या नवऱ्याच्या प्रश्नाला माझं उत्तर इथून सुरू होतं. तो बारूद आपल्याही कोठीत आहे.

पेपरात आपण काय वाचतो? ‘अब्रू लुटली.’ ‘इज्जतीवर घाला.’ लुटली म्हणजे गेली, म्हणजे आता तिच्याकडे नाही! करणाऱ्याची जाते असं कोणीच लिहीत नाही. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट तुला शाळेत सांगितली असेल. ती घडली का, कशी घडली, यावर इतिहासकारांचं जमत नाही, ते राहू दे. गोष्ट आपल्याला आवडते कारण महाराजांनी तिला सन्मानाने परत पाठवलं. मला लहानपणापासून एकच खटकतं. त्या बाईला नाव नाही. ती सुभेदाराची सून. आणि परत गेल्यावर सासरी तिला घेतलं का, हे कुठल्याच मास्तरांनी सांगितलं नाही. माझ्या आजीने मात्र विचारलं होतं, भाकरी थापता थापता. ‘ता मेलो सुभेदार काय म्हणालो मग?’ आजी सावंतवाडीकडची.

१९७१चं मला आठवतं. मी अकरा वर्षांची. वडील मुंबईच्या काकांना पत्र लिहायचे, पोस्टात टाकायला मी जायची. त्या नोव्हेंबरपासून पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, शरणार्थी मदतीचं. आधी तर कुटुंबनियोजनाच्याच तिकिटावर शिक्का मारून चालवलं होतं. पाच पैशांत गोळ्या यायच्या, म्हणून मला त्या शरणार्थींचा रागच यायचा. कोण गं हे, असं विचारलं तर वडील म्हणाले, बंगालकडची माणसं, घरं जळलीत त्यांची. एवढंच. बायकांचं काय झालं ते कोणी बोललं नाही. पुढे नर्सिंगला गेले तेव्हा वाचलं, त्या लढाईत पाकिस्तानी सैन्याने बायकांवर केलेल्या अत्याचारांचं. बांगलादेश सरकारने त्या बायकांना ‘वीरांगना’ म्हटलं, मोठा मानाचा शब्द. पण कितीजणींना तो शब्द घराच्या उंबऱ्यावर उपयोगी पडला नाही, उलट त्यानेच ओळखल्या गेल्या. मुक्तियोद्धा, म्हणजे स्वातंत्र्यसैनिक, म्हणून त्यांची नावं यादीत यायला २०१५ उजाडलं. चव्वेचाळीस वर्षं. नि कोरियाच्या किम हाक-सुन बाईंनी, जपानी सैन्याने आपल्याला सैनिकांच्या भोगासाठी कोंडून ठेवलं होतं हे उघडपणे सांगितलं ते १४ ऑगस्ट १९९१ला, महायुद्ध संपून शेहेचाळीस वर्षांनी. त्यानंतर जानेवारी १९९२पासून सोलमध्ये जपानच्या वकिलातीसमोर दर बुधवारी बायका उभ्या राहू लागल्या. दर बुधवारी. जसा आपला आठवड्याचा बाजार.

तरी ते पाच पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. कोकणातल्या एका पोरीने गोळ्या न खाता लावलेलं तिकीट कुठल्यातरी छावणीत दूध पावडर झालंच असेल. म्हणून पैशाचं बोलू.

माझ्या धंद्यातलं सांगते. बलात्कारानंतर एचआयव्हीची लागण टाळायची गोळी ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते, मग ती २८ दिवस रोज. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पाच दिवसांपर्यंत चालते, पण जेवढी लवकर तेवढी बरी. शिवाय धनुर्वाताचं इंजेक्शन, काविळीची लस, जखमांना टाके. हे सगळं एका खोक्यात मावतं. यात मोठं शास्त्र नाही, आपल्या तालुक्याची नर्स करू शकते. अडतं ते त्या ७२ तासांवर. तुझ्या वाडीतून चिपळूण एसटीने दीड-दोन तास. एल फाशरहून लोक पळाले ते तवीलाला, साधारण साठ किलोमीटर, म्हणजे गुहागर-चिपळूणपेक्षा थोडंच जास्त. पण पायी, रात्रीचं, लपत, वाटेवर बंदूकवाले, नि जी वाट अत्याचार टाळायला धरली तिच्यावरच पुन्हा अत्याचार. तिथे पोचल्यावर खोकं असलं पाहिजे. नसलं तर त्या बाईचे पाय फुकट तुटले.

तर खोक्याला पैसे दे. युनिसेफ, संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांची संस्था, सीमारहित डॉक्टरांची संघटना, या सगळ्यांची भारतात कार्यालयं आहेत. फोन कर, सरळ विचार की माझे शंभर रुपये सुदानसाठी खर्च होतील की नाही, नि पावती कोणाच्या नावाने येईल. उत्तर गोलमोल आलं तर ठेवून दे फोन. व्हिडिओच्या खाली कोणीतरी चिकटवलेल्या क्यूआर कोडवर एक रुपया टाकू नकोस, रडणाऱ्या बाईचा फोटो लावून खिसे भरणारे पायलीला पन्नास आहेत. परदेशातल्या खात्यात थेट पाठवायला बँकेत फॉर्म भरावे लागतात नि छोट्या रकमेला वरचा खर्चच जास्त, त्या फंदात पडू नकोस. एकदा हजार देऊन मोकळं होण्यापेक्षा महिन्याला शंभर दे. आणि गटाच्या पैशाला हात लावायचा नाही! तो कर्जाचा पैसा आहे. ज्या बाईला द्यायचंय ती आपल्या नफ्यातून देईल, जिला नाही तिला कोणी तोंडावरून ओळखता कामा नये. डबा ठेव, वही नको.

सुदानातल्या बायका नुसत्या हात पसरून बसल्यात असं मनात आणू नकोस. तिकडे ‘नफीर’ म्हणून रीत आहे, आपली इर्जिकच. एकाचं शेत, सगळ्यांचे हात. लढाई लागल्यावर मोहल्ल्यामोहल्ल्यांत पोरापोरींनी त्याच रीतीवर मदतीच्या खोल्या उभ्या केल्या. सामायिक चुली पेटवल्या, आजाऱ्यांना हलवलं, आणि बायकांसाठी बायकांनीच चालवलेल्या वेगळ्या खोल्याही काढल्या. २०२५चा राइट लाइव्हलीहूड हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार या मदतीच्या खोल्यांना मिळाला. तुझ्या भावजींच्या त्या चहावाल्या बाईसारख्या हजारो बायका खार्टूममध्ये होत्या, बऱ्याचशा दारफुरच्या नि नुबा डोंगरांतल्या जुन्या लढायांतून पळून आलेल्या. अवदेया महमूद कोको नावाच्या बाईने १९९० साली या चहावाल्यांची सहकारी संस्था काढली, पोलीस किटल्या नि स्टुलं उचलून न्यायचे त्याविरुद्ध उभं राहायला. तुझ्या गटाआधी तेहतीस कोटी अडचणी आल्या असतील, पण किटल्या कोणी उचलून नेल्या नसतील. गटाच्या बैठकीत सांगायचंच तर हे सांग. व्हिडिओपेक्षा बायका हे नीट ऐकतील.

पत्र लिही. हसू नकोस. तुमचा गुहागर लोकसभेला रायगडात मोडतो, तिथल्या खासदारांना एक पानी पत्र. मराठीत. की भारताने जिनिव्हा करार मान्य केलेत, त्यातल्या १९४९च्या चौथ्या करारात बायकांना बलात्कारापासून संरक्षण द्यायचं असं लिहिलंय. की आपल्याच सीआरपीएफच्या महिला पोलिसांची तुकडी २००७मध्ये लायबेरियात गेली होती, संयुक्त राष्ट्रांची तशी पहिलीच. मग सुदानच्या दवाखान्यांना वाट मिळावी म्हणून आपलं सरकार काय बोलतंय, ते संसदेत विचारा. उत्तर येईल न येईल. आलं नाही तर दोन महिन्यांनी पुन्हा.

पत्रांनी काय होतं म्हणतेस? रवांडाचं ऐक. १९९४चा नरसंहार झाला, ताबा नावाच्या गावचा मुख्याधिकारी अकायेसू याच्यावर टांझानियात अरुशाला, संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणापुढे खटला उभा राहिला. आरोपपत्रात खून होते, नरसंहार होता, बलात्कार नव्हता. कोणी विचारलंच नव्हतं. १९९७च्या सुरुवातीला एक बाई साक्षीला आली, दुसऱ्याच कशाची साक्ष द्यायला, नि बोलता बोलता तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर काय झालं ते बोलून गेली. बाकावर तीन न्यायाधीश, त्यात एकच बाई, नवनीतम पिल्लै, दक्षिण आफ्रिकेतल्या तमिळ घरातली. तिथे ते वाक्य हवेत विरू दिलं नाही. आणखी बायका आल्या, त्यांना विचारलं गेलं. इकडे जगभरच्या महिला संघटनांनी न्यायाधिकरणाला लेखी निवेदन दिलं की हे आरोपात घ्या. ही सगळी दूरची माणसं, ताबा कुठे आहे ते नकाशात शोधणारी. जून १९९७ला आरोपपत्र बदललं. २ सप्टेंबर १९९८ला निकाल लागला, बलात्कार हाही नरसंहाराचं हत्यार असू शकतो असं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने पहिल्यांदा म्हटलं. अकायेसूला जन्मठेप झाली.

हा खटला मी निवृत्त झाल्यावर वाचला नि दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. कारण मला माझी एक रात्र आठवली. ऐंशीच्या दशकातली, पावसातली. मी ज्या रुग्णालयात होते तिथे खाडीकडच्या गावातून एक बाप आपल्या पोरीला घेऊन आला. सतरा-अठराची असेल. ओलीचिंब, परकराला चिखल, डाव्या हाताच्या बांगड्या फुटलेल्या, मनगटात काच रुतलेली. मी काच काढत होते. आणि काढता काढता माझ्या तोंडून गेलं, ‘रात्रीची कुठे गेली होतीस गं?’ वाईट मनाने नाही. आपण बोलतो तसं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, मग खाली. त्यानंतर डॉक्टरांनी विचारलं, पोलिसांनी विचारलं, ती ‘पडले’ एवढंच म्हणाली. केसपेपरवर ‘पडून जखम’ लिहिलं गेलं, माझ्या अक्षरात. अरुशाच्या बाकावरच्या बाईंनी एक दार उघडलं, मी एक लावलं. आमच्या हातात शब्दांपलीकडे काही नव्हतं, दोघींच्याही.

तर आता शेजारची सून.

गटातल्या त्या बाईने टोमणा मारला, तिलाही ऐकू येतंच ना? मग ती काय करत्येय? सुदानकडे बघणारी शेजार टाळते असं नसतं. खरं सांगू, सगळ्यात जास्त शेजार टाळतात ते कुठेच न बघणारे. पण टोमणा तुला लागलाय तो खरा आहे म्हणून लागलाय. सुदानच्या बाईसाठी रडणं सोपं, तिची सासू तुझ्या पाणंदीने जात नाही.

तिच्याकडे जा. आमसुलं घेऊन, आगळ घेऊन, काही तरी निमित्ताने, सासू घरात नसेल किंवा आडवी झाली असेल अशा वेळी. ‘का सहन करतेस’ हे विचारायचं नाही. ‘काय केलंस तू’ तर नाहीच नाही. ‘माहेरी का नाही जात’ हेही नको, माहेरचं दार कसं आहे ते तिलाच ठाऊक. एवढंच सांग, मला ऐकू येतं, आणि माझ्या मागच्या दाराला रात्री कडी नसते. ती ‘काही नाही हो वहिनी’ म्हणेल. म्हणू दे. चार दिवसांनी पुन्हा जा, मग रातांबे फोडायला हाताशी घे. तिच्या आधार कार्डाची नि लग्नाच्या कागदाची झेरॉक्स तुझ्याकडे राहिली तर बरं, पण तिने स्वतः दिली तर. ती विचारेल तेव्हा सांगायला तयार राहा. १८१ ही महिला हेल्पलाइन, लगेच धोका असेल तर ११२. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र असतं, तिथे दवाखाना, पोलीस, वकील, चार दिवस राहायची सोय एका छपराखाली. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, त्याला खबर कोणीही देऊ शकतं, तूसुद्धा, आणि चांगल्या हेतूने दिली तर तुझ्यावर काही येत नाही. मात्र तिच्या जिवावर बेतत नसेल तर तिला न विचारता खबर देऊ नकोस. घर तिचं, जीव तिचा, रात्र तिला काढायची असते. आणि यातलं अक्षर गटाच्या ग्रुपवर जाता कामा नये. एक व्हिडिओ पुरे झाला.

मालकांचं फारसं मनावर घेऊ नकोस. बोटीवरच्या माणसाला घरची काळजी बोलून दाखवता येत नाही, मग ते असं काहीतरी बोलतात. शिमग्याला पालखीपुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा मुंबईला गेलेल्यांचं, परदेशी गेलेल्यांचं, पाण्यावर असलेल्यांचं नाव घेतात ना? सगळी वाडी ‘व्हय म्हाराजा’ म्हणते ना? तुझे मालक तांबड्या समुद्रातून जात असतात तेव्हा त्यांच्यासाठी लांबून बोललेलं त्यांना चालतं. गाऱ्हाणं पुरुषच घालतात, हे जाता जाता. आणि त्यांना एक काम सांग. सुदानचं सोनं मोठ्या प्रमाणात दुबईच्या बाजारात जातं, त्या सोन्यावर ही लढाई पोसली जाते असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी लिहिलंय. पुढच्या खेपेला दुबईहून पाटल्या आणायचं ठरत असेल तर सराफाला विचारायला सांग, सोनं कुठलं. तो उत्तर देणार नाही. पण हातात पाटल्या घालून मला सहा पानी पत्र लिहिलं असशील तर ते तुला माहीत असावं.

मुलीशी बस. तिला ‘विसर ते’ म्हणू नकोस, ती सोळाची आहे, सहाची नाही. मी तुला दाखवायला नको होतं, म्हण. मग तिला काय कळलं ते विचार. तिला इंग्रजी येत असेल तर बातम्या तिलाच वाचून सांगू दे तुला, दुपारच्या त्या वीस मिनिटांत. खासदारांचं पत्र तिच्या अक्षरात जाऊ दे. हाताला काम मिळालं की पोरं जेवतात.

राहता राहिले भावजी. त्यांच्याबद्दल तू चारच ओळी लिहिल्यास, पण मला वाटतं या सगळ्याची सुरुवात तिथे आहे. आपण बोटीत बसलो नि ती झाडाखाली राहिली, हे त्यांना खात असणार. पुरुष माणूस, कोणाला सांगणार? त्यांना त्या बाईबद्दल विचार. काय झालं असेल ते नको विचारू, कशी होती ते विचार. चहात आलं किती घालायची, उधारी ठेवायची का, हसायची का. ती लाल फुलं म्हणजे आपल्या लाल अंबाडीची बोंडं, तिकडे करकदे म्हणतात. थोडं बी मिळालं तर पावसाळ्यात परसात लावून बघा, आपल्याकडे येतं ते.

आणि नंबर फोनमधून काढू देऊ नकोस. तिकडे कधी कधी आठवडेच्या आठवडे लाइन बंद असते. महिन्यातून एकदा लावू दे त्यांना. एखाद्या दिवशी तिने उचललाच, तर पहिल्या वाक्यात ‘तुझ्यावर काय प्रसंग आला’ असं विचारू नका म्हणावं. चहाचं आता कुठे मांडलंयस, असं विचारा.